दोन आठवड्यांची वाट

होळीनंतरची गोष्ट आहे. भाचीने जळगावातल्या एका दुकानातून अ‍ॅक्वेरियमसाठी पाणवनस्पतीची जुडी आणली आणि त्या पानांना चिकटून बारक्या गोगलगाई घरात आल्या. आल्या म्हणजे आधी दिसल्याच नाहीत, दोन-तीन दिवसांनी काचेवर तपकिरी ठिपके सरकताना दिसले. त्यातली अगदी मोहरीएवढी एक तिने उचलली आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाणी भरून, पाणवनस्पतीची एक काडी टाकून वेगळी ठेवली. का ठेवली तर म्हणे ही माझी, बाकीच्या माशांच्या. ऊन तापायला लागलं तशी बरणी खिडकीतून काढून माठाच्या तिवईखाली, ओल्या पोत्याच्या गारव्याला ठेवली. उकडलेल्या पालकाचा तुकडा टाकला की ही त्याच्या कडेकडेने जाळी करून टाकायची, मधूनच वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागावर श्वास घ्यायची आणि परत तळाला जायची. मला तिचं शंख बघायला आवडायचं, इतकं पातळ की उजेडात धरलं तर आतली सोनेरी नक्षी बाहेरून दिसते. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं तर हिचं तोंड डावीकडे येतं, बहुतेक गोगलगाईंचं उजवीकडे असतं. त्यावरूनच ओळखलं, ही फायसा अ‍ॅक्युटा. मूळची उत्तर अमेरिकेतली, पण आता पाण्याच्या झाडांबरोबर जगभर पोचलेली.

मग एका सकाळी बरणीच्या काचेला आतून एक चिकट पारदर्शक लांबोळका लगदा दिसला, आणि त्याच्यात स्वच्छ गोल अंडी, एकेक मोजता येतील अशी. घरात कौतुकाला सीमा नाही. दादा चष्मा लावून वाकून बघतोय, भाची शेजारच्या पोरांना बोलावून आणतेय. "अरे पण ही तर एकटीच होती ना?" हा प्रश्न दादाने निदान चारदा विचारला. मी सांगितलं की ही गोगलगाय उभयलिंगी असते, एकाच ग्रंथीत अंडंही तयार होतं आणि शुक्राणूही, गरज पडली तर स्वतःचं स्वतःच फलन करून घेते. वहिनी पोळ्या लाटत होती, तिने मान वर न करताच म्हटलं, "बरं आहे बाई तिचं. कुणाची वाट बघायला नको."

ते वाक्य कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना.

कारण मला माहीत होतं की ती वाट बघते. बघितलीच होती तिने, त्या बरणीत, आमच्या सगळ्यांच्या समोर, आणि आम्हाला कळलं नव्हतं. ह्या जातीवर फ्रान्समध्ये माँपेलियेला बरीच वर्षं काम चाललंय, अॅन त्सित्रोन, पात्रिस डेव्हिड, फिलिप जार्न ही मंडळी. प्रयोग ऐकायला अगदी साधा आहे. वयात यायच्या आधीच पिल्लं वेगवेगळी ठेवायची, कारण एकदा संग झाला की गोगलगाय दुसऱ्याचे शुक्राणू पुष्कळ दिवस साठवून ठेवते आणि मग ती एकटी आहे का नाही हे कळत नाही. काहींना जोडीदार द्यायचा, काहींना नाही. जोडीदार मिळालेल्या वयात आल्या की अंडी घालायला लागतात. एकट्या ठेवलेल्या घालत नाहीत. शरीर तयार असतं, खाणंपिणं चालू असतं, वाढ चालू असते, पण अंडी नाहीत. साधारण दोन आठवडे जातात आणि मगच ती स्वतःच्याच शुक्राणूंनी स्वतःची अंडी फळवते. दोन आठवडे म्हणजे आपल्याला काही वाटत नाही, पण जो जीव सहा-आठ आठवड्यांत वयात येतो आणि ज्याचं अख्खं आयुष्य काही महिन्यांचं, त्याचे दोन आठवडे म्हणजे किती? त्या काळात ती मेली, पाणी आटलं, माशाने खाल्लं तर काहीच मागे उरत नाही. एवढा धोका ती पत्करते, कुणीतरी येईल म्हणून. "म्हणून" हा माझा शब्द आहे, तिच्या मनात काय असतं मी कुठून सांगणार, पण हिशोब मात्र खराच आहे, २००३ साली त्यांनी गणित मांडून दाखवलं की स्वफलनाची किंमत जितकी जास्त तितकं थांबणं फायद्याचं. म्हणजे ही वाट किती लांब हे तिच्या पिल्लांच्या नशिबावर ठरतं.

आणि किंमत फार आहे. हे समजायला मला कुठलं पुस्तक लागलं नाही, नंदुरबार पुरेसं आहे. आमच्या खान्देशात सातपुड्याच्या पायथ्याला सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, काय असतो हे ज्याने बघितलंय त्याला पुढचं सगळं आपोआप कळतं. माझी एक मैत्रीण धडगावकडे आरोग्य खात्यात होती, तिच्याबरोबर मी एकदा तपासणीच्या कॅम्पला गेले होते. शाळेच्या व्हरांड्यात रांग, बोटाला टोचणारी सुई, आणि एका कोपऱ्यात सांधे धरून बसलेला एक मुलगा, ज्याच्याकडे बघवत नव्हतं. आई धडधाकट, बाप धडधाकट. दोघंही वाहक. सिकलसेलच्या जनुकाची एकच प्रत असली तर माणूस ठणठणीत असतो, उलट मलेरियापासून त्याला थोडं संरक्षणच मिळतं, अँथनी अ‍ॅलिसनने हे १९५४ मध्ये दाखवलं. पण वाहकाला वाहक भेटला की दर बाळंतपणात चारातली एक शक्यता की मूल दोन्ही प्रती घेऊन येईल. आता विचार करा, आपल्यापैकी प्रत्येक जण कसल्या ना कसल्या अशा लपलेल्या जनुकांचा वाहक असतो, माहीत नसतं इतकंच, कारण समोरचा सहसा त्याच जनुकाचा वाहक नसतो. गोगलगाईचंही तसंच. फक्त ती स्वतःच स्वतःचा जोडीदार झाली की तिच्यातल्या प्रत्येक लपलेल्या जनुकाला, अगदी प्रत्येकाला, समोर वाहकच भेटतो. एका वेळी सगळ्यांना.

अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातलं प्रजनन, मोजायचं एक माप असतं. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नातून झालेल्या मुलाचं माप १/१६ येतं. मामा-भाचीच्या लग्नाचं १/८. सख्ख्या भावंडांचं १/४. आणि एकटीनेच केलेल्या स्वफलनाचं १/२. म्हणजे मामाच्या मुलीशी केलेल्या लग्नाच्या आठपट.

मामाच्या मुलीचं लिहिलं म्हणून थोडं थांबते, कारण हा विषय आमच्याकडे नुसता गणिताचा नाही. माझ्या आईच्या माहेरच्या बाजूला असं एक लग्न झालेलं आहे, आणि ते नवरा-बायको मी बघितलेल्या सगळ्यात प्रेमळ जोड्यांपैकी एक. मुलं चांगली, नातवंडं चांगली. त्यामुळे कुणी वर्तमानपत्रातलं कात्रण नाचवत "जवळच्या नात्यात लग्न म्हणजे पिढी बाद" म्हणायला लागलं की मला राग येतो. आकडे तसं म्हणत नाहीत. सर्वसाधारण जोडप्यांमध्येही शंभरात दोन-तीन बाळं काही जन्मजात दोष घेऊन येतात, चुलत-मामे भावंडांच्या लग्नात त्यात आणखी साधारण दोन ते तीनची भर पडते. भर आहे, नाही असं नाही, पण प्रलय नाही. तरीही हेच पिढ्यान्‌पिढ्या त्याच चार घरांत होत राहिलं तर बेरीज वाढत जाते, हेही तितकंच खरं, आणि मी ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरून असते. चार्ल्स डार्विनचंही हेच झालं होतं. त्याने १८३९ मध्ये सख्ख्या मामाच्या मुलीशीच लग्न केलं, एमाशी. दहा मुलं झाली, तीन लहानपणीच गेली, त्यातली अ‍ॅनी दहा वर्षांची होऊन गेली आणि तो त्यातून कधीच पूर्ण सावरला नाही. आपल्या नात्याचा ह्याच्याशी काही संबंध आहे का ही शंका त्याला आयुष्यभर खात होती. १८७१ च्या ब्रिटिश जनगणनेत चुलत-मामे भावंडांच्या लग्नांबद्दल प्रश्न घालावा म्हणून त्याने मित्राकरवी पार्लमेंटपर्यंत प्रयत्न केला, तो फेटाळला गेला. त्याच काळात हा माणूस झाडांकडेही वळला होता, अकरा वर्षं, ५७ जाती, जाळीखाली झाकून स्वफलन केलेली रोपं आणि परफलन केलेली, म्हणजे दुसऱ्या झाडाचे परागकण दिलेली, रोपं एकाच कुंडीत समोरासमोर लावून उंची मोजत बसला. मॉर्निंग ग्लोरीच्या वेलीत परफलनवाल्या १०० तर स्वफलनवाल्या ७७ च्या आसपास. मला नेहमी वाटतं तो नुसत्या वेली मोजत नव्हता.

असो. बरणीकडे येते.

अंडी घातल्यापासून मी रोज संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च मागून धरून भिंगातून बघायचे. तीन-चार दिवसांत आत ठिपका लांबट होतो आणि मग स्वतःभोवती फिरायला लागतो, हळू, न थांबता. हे फिरणं बघताना दहा मिनिटं कशी जातात कळत नाही. पुढे शंखाची चकाकी दिसते, दोन काळे डोळे दिसतात. आणि काही अंड्यांत हे होत नाही. फिरणारं एखाद्या दिवशी थांबतं. एक पांढुरकं, ढगाळ होऊन जातं. एकाच लगद्यात, एकाच पाण्यात, शेजारीशेजारी, एक फिरतंय आणि एक थांबलंय. जी बाहेर आली त्यातलीही सगळी टिकली नाहीत, काही पहिल्या आठवड्यातच तळाला पडलेली असायची, उरलेली वाढायची पण सारखी नाही. हे सगळं स्वफलनामुळेच असं मी म्हणणार नाही, जळगावचा एप्रिल, माठाखाली ठेवलं तरी पाणी कोमट होतंच, आणि एका बरणीतून सिद्ध काहीच होत नसतं. पण प्रयोगशाळेत, सगळं सारखं ठेवून, ह्या जातीत हेच दिसतं. स्वफलनाची पिल्लं परफलनाच्या पिल्लांच्या मानाने जगण्यात निम्म्याच्याही खूप खाली असतात.

आखाजीला आम्ही सगळे गावी गेलो, अमळनेरच्या पुढे बोरी नदीच्या काठाला. भाचीने बरणी मांडीवर धरून आणली. गावात सासुरवाशिणी आलेल्या, कडुलिंबाला झोके बांधलेले, घराघरात पुरण शिजतंय, आंब्याचा रस आणि सांजोऱ्यांचा वास. कुणाचा मुराळी उशिरा पोचला, कोण वाट बघून रडली, त्याच गप्पा. आजीला आता कमी दिसतं, भाचीने बरणी तिच्या हातात दिली आणि सगळी गोष्ट सांगितली, एकटीनेच अंडी घातली, नवरा नाही काही नाही. सगळ्यांनी आतापर्यंत "कसं काय?" विचारलं होतं. आजीने बरणी चाचपली आणि विचारलं, "कितला वाचनात मंग?" म्हणजे जगले किती.

मी तिच्याकडे बघतच राहिले. आजोबा गेले तेव्हा आजी तिशीची पण नव्हती. कपाशी, बाजरी, विहिरीची मोट, दोन बैल, सासू, लहान पोरं, सगळं एकटीने ओढलं, आणि आमच्या घरात ही गोष्ट नेहमी अभिमानाने सांगितली जाते, एकटीने केलं, कुणापुढे हात पसरला नाही. त्या गोष्टीत तिची गेलेली दोन मुलं येत नाहीत. एक तापाने, एक पोट फुगून, दवाखाना लांब आणि गाडी जुंपायला दुसरं माणूस घरात नाही. तिने ते कधी तक्रारीने सांगितलं नाही. पण प्रश्न विचारताना तिला बरोबर ठाऊक होतं की एकटीने केलेल्या गोष्टीत काय विचारायचं असतं.

संध्याकाळी नदीकडे गेले. बोरीचं पात्र कोरडं, पुढे सखाराम महाराजांच्या यात्रेसाठी अमळनेरात ह्याच वाळवंटात दुकानं लागणार. बंधाऱ्याखाली तेवढं एक डबकं उरलेलं, हिरवं पाणी, म्हशी बसलेल्या, आणि कडेच्या चिखलात चपट्या, चकलीसारख्या वेटोळ्याच्या गोगलगाई. ही इंडोप्लॅनॉर्बिस, आपल्याकडे जिथे गुरं पाण्यात उतरतात तिथे हमखास. चिरडली तर लाल रक्त निघतं, तिच्यात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. गावाला ती वेगळ्या कारणाने माहीत आहे, ह्या पाण्यात उभं राहिलं की पायांना खाज सुटते आणि बैल घोरायला लागतात. नाकातल्या शिरांमध्ये एक कृमी होतो, त्याचं अर्धं आयुष्य ह्या गोगलगाईच्या पोटात जातं. मी लहान असताना आमचा एक बैल असा घोरायचा, रात्री गोठ्यातून तो आवाज यायचा आणि मला वाटायचं तो स्वप्नात बोलतोय. डबकं मेमध्ये आटतं, गोगलगाई चिखलात पुरून घेतात, बऱ्याच मरतात, पाऊस पडला की उरलेल्या वर येतात. एखाद्या डबक्यात एकच उरली तरी पुरतं, कारण तीही एकटीने अंडी घालू शकते. म्हशीच्या खुराच्या चिखलातून, बगळ्याच्या पायाला चिकटून एक जरी नवीन तळ्यात पोचली तरी वस्ती उभी राहते. हर्बर्ट बेकर नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये हा मुद्दा मांडला, दूर जाऊन पहिलं पाऊल टाकायचं तर एकट्याने भागवता आलं पाहिजे. म्हणून औषध मारून ह्या गोगलगाई संपत नाहीत.

आफ्रिकेतल्या साहेलच्या कोरड्या पट्ट्यात हिची एक लांबची बहीण आहे, बुलायनस ट्रंकेटस. दरवर्षी आटणाऱ्या तळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहून तिने जोडीदाराचा विषयच जवळजवळ सोडून दिला, बहुतेक वेळा स्वफलन, आणि त्यातल्या कित्येकींना तर नराचा अवयवच येत नाही. अशा जाती एकट्या ठेवल्या तर थांबतच नाहीत. त्यांच्या पिल्लांचंही फार बिघडत नाही. कारण उघड आहे. घातक जनुकं स्वफलनात दर पिढीला उघडी पडतात, दोन प्रती घेऊन आलेली पिल्लं मरतात, आणि त्यांच्याबरोबर ती जनुकं वस्तीतून निघून जातात. काही पिढ्यांनंतर जे उरतं ते बरंचसं निर्धोक. माँपेलियेच्या लोकांनी हे आमच्या डाव्या शंखाच्या फायसातच घडवून बघितलं. काही वस्त्यांना वारंवार एकटेपणात ठेवलं. साधारण वीस पिढ्यांत त्यांचं थांबणं कमी होत गेलं आणि स्वफलनाच्या पिल्लांची हानीही कमी झाली, असं त्यांनी २०१६ मध्ये छापलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. एकटेपणाची सवय होते, शरीरसुद्धा जुळवून घेतं, पुढे त्रास होत नाही. आखाजीनंतर वाचलं तेव्हा बरं वाटेना. कारण ही सवय एका गोगलगाईला होतच नाही. जिला झाली ती वेगळी, जिने किंमत दिली ती वेगळी, मधल्या सगळ्या पिढ्यांतली न फिरलेली अंडी कुठल्या आलेखात दिसत नाहीत, नुसती रेघ सुधारत गेलेली दिसते. विज्ञानाचा ह्यात काही दोष नाही, रेघ खरी आहे. पण आमच्या घरात सांगितली जाणारी आजीची गोष्टही अशीच सुधारत गेलेली रेघ आहे, आणि मला ती यापुढे तशी सांगायची नाही.

शिवाय पुढचा भाग आहेच. त्याच लोकांनी २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट छापली. शंखाच्या ठेवणीतला एक गुण धरून त्यांनी दर पिढीला निवड केली, काही वस्त्यांत परफलनाने, काहींत स्वफलनाने. स्वफलनवाल्या सुरुवातीला पटकन बदलल्या, अगदी पुढे गेल्या, आणि मग त्यांचा वेग झपाट्याने मंदावला. परफलनवाल्या हळूहळू पण शेवटपर्यंत बदलत राहिल्या. ज्या वस्त्यांना आधीपासून एकटेपणाची सवय झालेली होती त्या तर सुरुवातीपासूनच मागे. म्हणजे घातक ते गेलं खरं, पण स्वफलनात दर पिढीला प्रत्येकीच्या आतली विविधता निम्मी होते त्यात उद्या उपयोगी पडेल असंही पुष्कळ गेलं. कपाशीचं हायब्रीड बियाणं आपल्याकडे दरवर्षी नवीन का घ्यावं लागतं, घरचं बी लावलं की दुसऱ्याच वर्षी शेत उंच-सखल का दिसतं, हे ज्याला माहीत आहे त्याला हे नवीन वाटणार नाही, दोन वेगळ्या वाणांच्या मिलनातून आलेला जोम स्वफलनात पहिल्याच पिढीला निम्म्यावर येतो.

वहिनीला मी हे सगळं सांगितलं, एका दुपारी, बिबड्यांचं पीठ घेरता घेरता. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे ती पंधरा दिवस तयार होती आणि आपण तिला दुसरी दिलीच नाही." आणि हात पुसून अ‍ॅक्वेरियमकडे गेली.

आता पावसाळ्यात बोरीला पाणी आलं की बंधाऱ्याखालच्या त्या चपट्या गोगलगाईची पिल्लं आणायची आहेत, रबरी हातमोजे घालून. एकटी वेगळी, जोडी वेगळी, आणि बघायचं की आपल्या आटणाऱ्या नद्यांमध्ये राहणारी ही किती थांबते. फायसासारखी दोन आठवडे, की साहेलमधल्या बहिणीसारखी मुळीच नाही. माझा अंदाज आहे की कमी थांबेल. भाचीचं म्हणणं ती जास्त थांबेल, कारण पावसाळ्यात डबकी एकमेकांना मिळतात आणि तेव्हा कुणी ना कुणी भेटतंच. तिचं बरोबर निघालं तर मला आनंदच होईल.